बसायला जागा आहे, पण उठवत नाही

‘ताई, मी लँडस्केप आर्किटेक्चरच्या, म्हणजे बागा-चौकांसारख्या मोकळ्या जागांच्या रचनेच्या, शेवटच्या वर्षाला आहे. पुढे मास्टर्स करायचं आहे आणि ते शिष्यवृत्ती मिळाली तरच जमेल. सार्वजनिक जागा सगळ्यांना सारख्याच वापरता याव्यात, हा माझा आवडीचा विषय. गेल्या वर्षी तीन ठिकाणी अर्ज केले, तिन्हीकडून नकार आला. सर म्हणतात, पोर्टफोलिओत सगळ्यात देखणे प्रोजेक्ट टाक. सीनिअर म्हणतात, “सामाजिक न्याय” हे शब्द जितक्या वेळा येतील तितकं बरं. खरं तर माझ्या मनात हा विषय आला तो आईमुळे. तिचे गुडघे दुखतात. बागेत गेलो की ती म्हणते, “बसायला जागा आहे गं, पण एकदा बसले की उठवत नाही.” हे अर्जात लिहावं का? की ते सहानुभूती मागितल्यासारखं दिसेल? आणि अर्ज करायचे तरी कुठे कुठे? अर्जाचा पहिला परिच्छेद सोबत पाठवतेय. कृपया नाव छापू नका.’

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं, सोबतचा परिच्छेदही वाचला. दोन्ही एकाच हातानं लिहिलंय असं वाटत नाही. परिच्छेदात तू म्हणतेस, ‘समाजातील सर्व घटकांना सामावून घेणाऱ्या शाश्वत व समन्यायी सार्वजनिक जागांची निर्मिती करणे हे माझे ध्येय आहे.’ पत्रात तुझी आई म्हणते, ‘एकदा बसले की उठवत नाही.’ मी काही वर्षं शिष्यवृत्तीच्या निवड समितीवर होते. पहिलं वाक्य मी तिथे इतक्या अर्जांत वाचलंय की खालची नावं झाकली तर कोणतं कुणाचं ते सांगता येणार नाही. दुसरं वाक्य मात्र मी पहिल्यांदाच वाचतेय. तुझ्या तीन नकारांचं निम्मं कारण मला इथेच दिसतं.

म्हणून ‘कुठे कुठे अर्ज करू’ याकडे नंतर येते. आधी त्या बाकाकडे जाऊ.

आई बाकावरून उठताना नेमकं काय होतं ते नीट बघितलंयस का? बसलेला माणूस उठताना आधी टाचा मागे घेतो, मग अंग पुढे झुकवतो आणि मग जोर लावतो. गुडघे धड असतील तर तो जोर बहुतेक मांड्यांचा असतो. गुडघे दुखत असले की हात लागतात, आणि हाताला रोवायला काहीतरी लागतं. आता बाक बघ. बैठक जमिनीपासून किती उंच आहे? साधारण ४५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर बऱ्याच जणांना उठणं सोपं जातं. ३५-३८ची असेल तर गुडघे कमरेच्या वर येतात आणि माणूस त्यात रुततो. बैठकीच्या कडेला हात टेकायला दांडा आहे का? आणि तिसरी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: बाकाखाली टाचा मागे घ्यायला मोकळी जागा आहे, की तो खालपर्यंत भरीव काँक्रीटचा ठोकळा आहे? ठोकळा असेल तर पाय मागे जातच नाहीत, आणि मग अंग कितीही पुढे झुकवलं तरी उठणं अवघड जातं. तुझ्या आईनं एका वाक्यात तीन मोजमापं सांगितली आहेत. ती तू अजून घेतलेली नाहीस, एवढंच.

पण इथेच थांबलीस तर तो चांगल्या फर्निचर डिझायनरचा अर्ज होईल. तुझा विषय याच्या पुढच्या पायरीला सुरू होतो.

तू म्हणशील, दांडे बसवू या. बसव. पण कुठे? बाकाच्या दोन्ही टोकांना बसवलेस तर तुझी आई उठेल. मधे बसवलेस तरी उठेल, आणि ज्याला रात्री निजायला दुसरी जागा नाही तो माणूस त्या बाकावर पाठ टेकू शकणार नाही. कित्येक शहरांत मधले दांडे नेमके याच हेतूनं बसवले जातात, आणि कारण विचारलं की ‘ज्येष्ठांच्या सोयीसाठी’ असं सांगितलं जातं. म्हणजे तुझ्या आईचे गुडघे दुसऱ्या कुणाला तरी हाकलण्याची सबब होऊ शकतात. हे तुला माहीत आहे, यानं तू अस्वस्थ होतेस आणि तरीही तुला काहीतरी ठरवावं लागणार आहे, हे ज्या अर्जात दिसतं तो अर्ज समिती बाजूला काढून ठेवते. उत्तर एकच नसेल. काही बाकांना दांडे, काहींना नाहीत. दांडेवाले फाटकाजवळ आणि स्वच्छतागृहाच्या वाटेवर, सलग लांब बाक आत झाडाखाली. किंवा आणखी काही. तुझं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं असलं तर मला आनंदच होईल. पण कोणाला काय मिळालं आणि त्यासाठी कोणाला काय सोडावं लागलं, हे तुला उघड सांगता आलं पाहिजे. ‘समन्यायी’ या शब्दाचा अर्थ माझ्या लेखी हाच आहे. ‘सगळ्यांसाठी’ असं लिहिलं की हा हिशोब झाकला जातो, म्हणून तो शब्द तुझ्या अर्जातून काढून टाक असं मी म्हणेन. सीनिअर मंडळींचा सल्लाही त्याच कारणानं ऐकू नकोस. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत विकासाची उद्दिष्टं ठरवली. त्यांत सुरक्षित, सर्वसमावेशक, सहज पोहोचता येईल अशा हिरव्या आणि सार्वजनिक जागांचं उद्दिष्ट आहे, आणि तिथेही स्त्रिया, मुलं, वयस्क आणि अपंग यांची नावं घेतलेली आहेत. जगभराचं उद्दिष्ट ठरवणारेही नावं घेतात, मग तू तर एका बागेबद्दल लिहिते आहेस.

आता सरांचं म्हणणं, देखणे प्रोजेक्ट टाक. सर अगदी चुकीचं सांगत नाहीत. ड्रॉइंग कच्चं असेल तर समिती पुढचं वाचतच नाही, हे खरं आहे. पण तुझ्या विषयासाठी अर्ज करताना पोर्टफोलिओत किमान एक प्रोजेक्ट असा हवा, ज्यात तू डिझाइनच्या आधी काय बघितलंस ते दिसेल. एका अर्जाची मला अजून आठवण आहे. त्या मुलानं एका चौकाचा प्लॅन दिवसभरात सात वेळा काढला होता. प्रत्येक प्लॅनवर सावली कुठे आहे ते राखाडी रंगात, आणि माणसं कुठे आहेत ते ठिपक्यांनी. बाकी काही नाही. सकाळी ठिपके सगळीकडे विखुरलेले. दुपारी एकच्या प्लॅनवर सगळे ठिपके एका भिंतीच्या सावलीत, दीड मीटरच्या पट्टीत उभे. आणि चौकातले सगळे बाक उन्हात रिकामे. शेजारी त्यानं एकच ओळ लिहिली होती की या पट्टीत उभी असलेली माणसं शेजारच्या इमारतींत साफसफाईचं काम करतात आणि त्यांना जेवायला बसायला दुसरी जागा नाही. रेंडरिंग, म्हणजे शेवटचं रंगवलेलं चित्र, साधंच होतं. शिष्यवृत्ती त्याला मिळाली.

असं बघणं ही काही नवी गोष्ट नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७०च्या दशकात शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी उंच इमारतींसमोरच्या प्लाझांवर, म्हणजे मोकळ्या चौकांवर, कॅमेरे लावले आणि माणसं कुठे बसतात, कुठे थांबतात, कुठून निघून जातात ते महिनोन् महिने मोजलं. ऊन, वारा, मोकळ्या जागेचा आकार असं सगळं तपासून झाल्यावर हाती आलं ते इतकं साधं होतं की हसू यावं: जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. पण ते मोजून दाखवलं होतं, म्हणून १९७५ साली शहराच्या नियमांत प्लाझात बसण्याच्या जागेची सक्ती आली. त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली होती. जो प्लाझा चांगला चालतो, तिथे बायकांचं प्रमाण इतर ठिकाणांपेक्षा जास्त असतं. बायका जागा निवडताना जास्त चोखंदळ असतात. त्या दिसत नसतील तर त्या जागेत काहीतरी बिघडलंय.

व्हिएन्नाचं उदाहरण तर तू पाठच करून ठेव. १९९०च्या दशकाच्या मध्यात तिथे बागांमधल्या मुलांची पाहणी झाली. लहानपणी मुलगे आणि मुली दोघंही बागेत येतात. साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली येईनाशा होतात, मुलगे येतच राहतात. कारण शोधलं तेव्हा दिसलं की मोठं मोकळं मैदान एकच असेल तर जागेसाठी झगडावं लागतं, आणि त्या झगड्यातून मुली माघार घेतात. मग १९९९पासून दोन बागा नव्यानं मांडल्या गेल्या. मोठ्या मोकळ्या जागेचे झाडीनं आणि उंचसखलपणानं छोटे छोटे भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा दिली, वाटा सुधारल्या. मुली परत आल्या, आणि मुलग्यांना कुणी हाकललं नाही. या सगळ्याच्या मुळाशी काय होतं? कुणीतरी बागेत बसून मोजलं की कोण आलेलं नाही.

तुला हेच करायचं आहे, आणि यात एक अडचण आहे. जो आलेला आहे त्याच्याशी बोलता येतं; जो आलेलाच नाही त्याला कसं विचारणार? म्हणून बागेच्या आत बसून सगळं कळत नाही. फाटकाबाहेर उभी राहा. समोरच्या बसथांब्यावर, कोपऱ्यावरच्या दवाखान्याबाहेर, शाळा सुटते त्या वाटेवर. जो माणूस रोज त्या फाटकावरून जातो आणि कधीच आत वळत नाही, त्याला विचार. ‘आवडत नाही का’ असं विचारू नकोस. लोक शिष्टाचारानं ‘छान आहे की’ म्हणतात. ‘शेवटचं आत कधी गेला होतात?’ असं विचार आणि गप्प राहा. पाळी असताना स्वच्छतागृह बंद असल्यामुळे, फाटकावर पहारेकरी रोखून बघतो म्हणून, पाटीवर ‘करू नये’ची यादी आहे म्हणून, काळोख पडल्यावर वाटेचं दुसरं टोक दिसत नाही म्हणून, तीन पायऱ्या आहेत म्हणून, अशी उत्तरं येतील. शेवटच्याबद्दल एक हिशोब सांगते, तो स्वतः करून बघ. पायरी १५ सेंटिमीटरची धरली तर तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर. बऱ्याच देशांच्या मानकांत रॅम्पला १:१२ पेक्षा, म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी यापेक्षा, तीव्र उतार चालत नाही. म्हणजे ५.४ मीटर लांबीचा रॅम्प, शिवाय दोन्ही टोकांना चाकाची खुर्ची वळवायला सपाट जागा. फाटकाजवळ इतकी जागा नसते आणि मग रॅम्प मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांशेजारून काढला जातो. नियम पाळला जातो, आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला रोज मागच्या दारानं यावं लागतं. हे तू प्लॅन आणि सेक्शनमधे (उभ्या छेदात) काढून दाखवलंस तर त्यावर तुला एक शब्दही लिहावा लागणार नाही.

एक गोष्ट मात्र लिहावीच लागेल, कारण मुलाखतीत ती हमखास विचारतात. बाग चांगली झाली की आजूबाजूची भाडी वाढतात आणि जिच्यासाठी बाग केली तीच वस्ती तिथून उठते. आपल्या व्यवसायाचा इतिहासच वस्ती उठण्यानं सुरू होतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या आराखड्याची १८५८ची स्पर्धा ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या रचनाकारांनी जिंकली, आणि श्रीमंत-गरीब सगळ्यांनी एकत्र यावं अशी बाग म्हणून ते नाव आजही घेतलं जातं. त्या जमिनीच्या एका भागावर सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८५५च्या गणनेत तिथे सुमारे २२५ माणसं नोंदलेली आहेत; बहुसंख्य कृष्णवर्णीय, काहींची स्वतःच्या मालकीची घरं, चर्च, शाळा. १८५७ साली ती माणसं उठवली गेली. बाग वाईट होती असं मी म्हणत नाही, ती थोर आहे. पण तुझ्या अर्जात ओल्मस्टेडचं नाव घ्यायचं असेल तर सेनेका व्हिलेजचंही घे.

वाट काढणारेही आहेत. वॉशिंग्टनमध्ये अॅनाकोस्टिया नदीवर जुन्या पुलाच्या जागी बाग करायची योजना आखली गेली, तेव्हा बांधकामाच्या कितीतरी आधी, २०१५ साली, आसपासच्या रहिवाशांची घरं, रोजगार आणि छोटे व्यवसाय कसे टिकतील याचा वेगळा आराखडा केला गेला. केनियात नैरोबीतल्या किबेरा वस्तीत २००६पासून हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली एक संस्था रहिवाशांसोबत ओढ्याकाठच्या कचऱ्याच्या जागा वापरात आणते. अमेरिकेतल्या ओकलंडमधल्या लाफायेट स्क्वेअरला लोक ‘म्हाताऱ्यांची बाग’ म्हणायचे, कारण काम नसलेले वयस्क पुरुष तिथे दिवस घालवायचे. लँडस्केप आर्किटेक्ट वॉल्टर हूड यांनी ती बाग नव्यानं मांडली तेव्हा त्या माणसांना बाहेर काढलं नाही; त्यांची जागा राखून इतरांना जागा केली. हूड यांना २०१९ साली मॅकआर्थर ही अमेरिकेतली मानाची फेलोशिप मिळाली. माझा स्वतःचा कल या शेवटच्या उदाहरणाकडे आहे, कारण त्यात जो आधीपासून बसलेला आहे त्याच्यापासून सुरुवात होते.

बरं, आता अर्ज कुठे करायचे.

तू बहुतेक ‘लँडस्केप आर्किटेक्चर शिष्यवृत्ती’ एवढंच शोधलं असशील. ते दार अरुंद आहे. अमेरिकेतलं लँडस्केप आर्किटेक्चर फाउंडेशन १९६६पासून काम करतं आणि बऱ्याच शिष्यवृत्त्या देतं; त्यांचा ओल्मस्टेड स्कॉलर्स हा कार्यक्रम २००८ साली सुरू झाला. पण त्यात विद्यार्थी स्वतः अर्ज करत नाही, विभागाचे प्राध्यापक नाव सुचवतात. अशा शिष्यवृत्त्या प्रवेश मिळाल्यानंतरच्या. तिथे पोचलीस की पहिल्याच महिन्यात विचार, नावं कोण सुचवतं आणि कधी. न विचारल्यामुळे हुकलेल्या मुली मी बघितल्या आहेत.

दुसरं दार देशांच्या सरकारी शिष्यवृत्त्यांचं. यांत विषयाचं बंधन सैल असतं, तू परत येऊन काय करशील यावर भर असतो. ब्रिटनची चीव्हनिंग एका वर्षाच्या मास्टर्ससाठी आहे, आधी सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट घालते. अमेरिकेच्या फुलब्राइटलाही शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. जर्मनीच्या डीएएडी या शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थेची वास्तुरचनेशी जोडलेल्या शाखांसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे, आणि विकासाशी निगडित अभ्यासक्रमांसाठी आणखी एक आहे, तिला कामाचा अनुभव लागतो. युरोपच्या इरास्मस मुंडसमध्ये किमान दोन देशांत शिकायला मिळतं. तू यंदा पदवीधर होणार, म्हणजे अनुभव मागणाऱ्या शिष्यवृत्त्या तुझ्यासाठी आज बंद आहेत. गेल्या वर्षीच्या तीन अर्जांपैकी एखादा याच कारणानं पहिल्या चाळणीतच गेला असेल तर त्यात तुझ्या लिखाणाचा काही दोष नाही. अटी आधी वाच, मग रात्री जाग. आणि दोन वर्षं नोकरी करून मग जाणं हा मागे पडण्याचा रस्ता आहे असं मानू नकोस. साइटवर गवंड्याशी बोललेली मुलगी समितीसमोर वेगळी बोलते.

तिसरं दार विद्यापीठांचंच. पैसे सगळ्यात जास्त तिथेच असतात आणि जाहिरात सगळ्यात कमी. फीमाफी, शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करून मिळणारं मानधन, विभागाच्या माजी विद्यार्थ्यांनी ठेवलेला छोटा निधी. यासाठी विभागाला सरळ ईमेल करायचा. लांबलचक ओळख नको. तुझा विषय दोन वाक्यांत, त्यांच्याकडे त्या विषयात काम करणाऱ्या प्राध्यापकाचं नाव, आणि एक नेमका प्रश्न.

आणि चौथं दार, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि जिकडे कुणी बघत नाही: पदवीच्या नावानं शोधू नकोस, तुझ्या प्रश्नाच्या नावानं शोध. तुझा प्रश्न वार्धक्याचा आहे, अपंगत्वाचा आहे, चालण्याचा आणि सार्वजनिक आरोग्याचा आहे. या विषयांवर निधी देणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांच्याकडे डॉक्टर, समाजसेवक, अभियंते अर्ज करतात. लँडस्केप आर्किटेक्ट क्वचितच. तिथे तू वेगळी दिसशील. पात्रतेत ‘संबंधित शाखा’ असं लिहिलेलं असेल तर तू संबंधित आहेस का, हे त्यांना विचारून घे. विचारायला काही लागत नाही.

मुदती मात्र आजच लिहून काढ. परदेशी शिकायच्या बऱ्याच शिष्यवृत्त्यांचे अर्ज कोर्स सुरू होण्याच्या वर्षभर आधी बंद होतात. जेव्हा वर्गमित्र ‘कुठे जायचं’ याची चर्चा करत असतात, तेव्हा तुझं हेतुपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज) तयार असायला हवं.

शिफारसपत्रांबद्दल थोडं. मोठ्या नावापेक्षा तुला काम करताना बघितलेला माणूस निवड. ‘हुशार व मेहनती विद्यार्थिनी’ एवढंच लिहिणाऱ्या विभागप्रमुखापेक्षा, ‘ही मुलगी साइटवर चार वेळा परत गेली आणि चौथ्या वेळी स्वतःचाच प्लॅन तिनं खोडला’ असं लिहिणारी कनिष्ठ प्राध्यापिका शंभरपट उपयोगी. त्यांना किमान महिनाभर वेळ दे, तुझं हेतुपत्र आणि त्यांना आठवण करून देणारी चार वाक्यं सोबत दे. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. सगळे शिक्षक चाळीस विद्यार्थ्यांत तुझी तिसरी स्टुडिओ साइट लक्षात ठेवू शकत नाहीत.

खर्चाचा कागदही प्रामाणिकपणे कर. लँडस्केपच्या विद्यार्थ्याला फी आणि राहणं याखेरीज छपाई, मॉडेलचं सामान, सॉफ्टवेअर आणि साइटला जाण्या-येण्याचे पैसे लागतात, आणि शिष्यवृत्ती ‘पूर्ण’ असली तरी यातलं काय त्यात धरलंय ते बारीक अक्षरात असतं. अर्धी शिष्यवृत्ती मिळाली तर उरलेली अर्धी कुठून येईल, हे पत्र हातात येण्याआधी ठरवून ठेव. आनंदाच्या भरात सही करून दुसऱ्या सहामाहीला शिक्षण सोडून परत आलेला एक विद्यार्थी मला माहीत आहे. त्याच्या हुशारीत काही कमी नव्हतं.

आता तुझा खरा प्रश्न, जो तू अडखळत विचारलास. आईबद्दल लिहू का?

लिही. पण आधी तिला विचार. ‘तुझ्याबद्दल असं असं लिहितेय, अनोळखी माणसं वाचतील, चालेल का?’ असं स्पष्ट विचार आणि लिहिलेलं तिला वाचून दाखव. हाच नियम फाटकाबाहेर भेटणाऱ्या प्रत्येक माणसाला लाव. त्यांचे फोटो, त्यांची वाक्यं तुझ्या अर्जाची सजावट होऊ देऊ नकोस. दुसऱ्याच्या अडचणीवर आपली शिष्यवृत्ती उभी राहते आहे, ही टोचणी तुला असली तर ती असू दे. त्या टोचणीमुळेच तू सांभाळून लिहिशील.

सहानुभूतीची भीती मला कळते. स्वतःच्या घरच्या परिस्थितीबद्दल लिहिताना ती सगळ्यांनाच वाटते. ती टाळायची एक साधी रीत मी विद्यार्थ्यांना सांगते: आईला काय सोसावं लागतं यावर एक वाक्य, आणि आईला काय माहीत आहे यावर पाच. तिनं दोष सांगितला तो तुमच्या स्टुडिओतल्या किती जणांना ड्रॉइंग बघून सापडला असता? ती बागेत कुठल्या बाकावर बसते आणि कुठला टाळते? ओल्या जमिनीवर ती कशी चालते, कठडा कुठे शोधते, उठायचं असेल तेव्हा कुणाची वाट बघते? ती तुझी पहिली तज्ज्ञ आहे. तसं लिहिलंस की वाचणाऱ्याला तिची कीव येणार नाही. तिला भेटावंसं वाटेल. घरच्या उत्पन्नाबद्दल जिथे स्वतंत्र रकाना असेल तिथे आकडे लिही आणि हेतुपत्रात ते परत उगाळू नकोस.

आणि ते नकार. ज्या तीन ठिकाणांहून आले, त्यांना दोन ओळींचा ईमेल पाठव: अर्ज वाचल्याबद्दल आभार, सुधारण्यासाठी काही सांगता येईल का. तिघांपैकी दोघं उत्तर देणार नाहीत. एखादा देईल, आणि ते उत्तर या सदरापेक्षा जास्त कामाचं असेल, कारण त्यानं तुझा पूर्ण अर्ज वाचला आहे.

या आठवड्यात एवढं कर. मोजपट्टी घे आणि आईला घेऊन त्या बागेत जा. सगळ्या बाकांची उंची मोज, दांडे कुठे आहेत ते लिही, खाली टाचांना जागा आहे का ते बघ. आई ज्या बाकावरून विनासायास उठली त्याचा सेक्शन काढ, आणि जिथून उठवलं नाही त्याचा त्याच कागदावर, त्याच स्केलला, शेजारी. मग संध्याकाळी उशिरापर्यंत थांब आणि त्या बाकांवर रात्री कोण येतं तेही बघून ये. एकटी जाऊ नकोस. घरी आलीस की तो पहिला परिच्छेद फाड आणि नवा लिही, आईच्या वाक्यापासून. मला पाठव. मी वाचेन.

तुझी,
ताई